मधोमध पाडलेलं छिद्र

नोकरीत तुम्ही काय करायचात, असं कुणी विचारलं की मी ‘पंप बनवायचो’ असं सांगतो. समोरचा लगेच विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलायला लागतो. भरे गावात मी भाड्यानं राहत होतो, तेव्हा घरमालकांच्या एका पाहुण्यानं मला बोअरमध्ये अडकलेली मोटर बघायला शेतावर नेलं होतं. मी त्यांना म्हटलं, माझ्या पंपातून अख्ख्या दिवसात पाव चमचाही पाणी येत नाही. पाहुण्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “मग त्यो पंप कसला? आन पगार कशाचा घेताय?”

पगार घाबरण्याचा घेत होतो, असं आज वाटतं. पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. मी जळगावकडचा, तिथं अठ्ठ्याण्णव साली लागलो. सुरुवातीला आम्ही सलाइनच्या नळ्यांचे जोड बनवायचो. मग कमरेला लावून फिरता येईल असा औषधाचा पंप करायचं ठरलं आणि त्याचं डिझाइन माझ्याकडे आलं. तेव्हापासून कंपनीचं ते काम बंद होईपर्यंत, म्हणजे दोन हजार दहापर्यंत, मी थेंबांना भ्यालो. थेंब बाहेर आला तर भीती, आत राहिला तर भीती, आणि एकदम पुष्कळ थेंब आत गेले तर काय, ही सगळ्यात मोठी भीती.

यंत्र काय होतं ते सांगतो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही अशा माणसांना दिवसातून अनेकदा टोचून घ्यावं लागतं. आमची डबी काडेपेटीहून थोडी मोठी. आत औषधाची मऊ पिशवी, दाण्याएवढा दट्ट्या, दोन झडपा. तिथून एक बारीक नळी निघून पोटाच्या कातडीखालच्या सुईला जोडलेली. दट्ट्या दिवसरात्र थोडं थोडं औषध पुढं ढकलत राहतो. झडपा सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारख्या, एकाच बाजूनं उघडणाऱ्या. औषध उलट येत नाही. मात्र झडपेला अक्कल नसते. मागून ढकललं की ती उघडते. दट्ट्यानं ढकललं की आणखी कुणी, हे तिला कळत नाही.

पहिल्या वर्षांत आमची सगळी लढाई गळतीशी होती. गळती म्हटल्यावर लोकांना टपटप डोळ्यांसमोर येते. आमची गळती दिसायचीच नाही. नळीच्या जोडाला केसाएवढी चीर पडली तरी औषध अंगात जाण्याऐवजी सदऱ्यात जिरायचं आणि माणसाची साखर चढत राहायची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही मोजक्या लोकांना पंप वापरायला दिले होते. त्यात पौडचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांची साखर चढली. डॉक्टरांनी विचारलं, गोड खाल्लंत का? गुरुजी म्हणाले, नाही. त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, “पेढ्याचा पुडा कपाटात ठेवला होता, उंदरांनी खाल्ला काय?” गुरुजी शपथा घेत होते, बाई मानेनं नाही नाही करत होत्या. आठवडाभर त्या घरात अबोला होता. शेवटी गुरुजींनी मला बोलावून घेतलं आणि सदरा वर करून म्हणाले, “वास घ्या.” घेतला. इन्सुलिनला दवाखान्यासारखा एक वास असतो. त्यांच्या धोतराच्या काठाला तो येत होता. जोडाला चीर होती.

“तुमच्या एका थेंबानं माझी जन्माची पत घालवली,” गुरुजी म्हणाले. पेढे कुणी खाल्ले ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वासाची मला दहशत बसली. मी जोड बदलले, झाकणाला रबरी कडी बसवली, प्रत्येक डबी पाण्याच्या बादलीत बुडवून, पंक्चरवाला ट्यूब बघतो तशी, बुडबुडे येतात का ते बघायला लागलो. सहकारी हसायचे. “देवरे, आज किती बुडबुडे?” म्हणायचे. एकही येईना तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला. घट्ट डबीचा मला फार अभिमान होता.

ती इतकी घट्ट करायला लावली ती ताम्हिणीच्या पावसानं, आणि बाळूनं.

बाळू शेडगे ताम्हिणीचा. घाटाच्या तोंडाशी त्याचा धाबा होता. तो त्याची बायको संगीता चालवायची. बाळूकडे टेम्पो होता. मुळशीतला भाजीपाला, फुलं खाली कोकणात माणगावला नेऊन टाकायचा आणि मिळेल तो माल घेऊन वर यायचा. साखरेचा आजार त्याला विशीत लागला. ड्रायव्हरच्या जेवणाला वेळ नसते, आणि टोचून घेतल्यावर जेवायला उशीर झाला की चक्कर येते. एकदा चाकावर असताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. म्हणून डॉक्टरांनीच त्याचं नाव सुचवलं. थोडं थोडं औषध गेलं तर ड्रायव्हरला बरं.

बाळूला पंप आवडला. सुयांपासून सुटका झाली होती. पण ताम्हिणीच्या पावसात तो भिजायचा आणि पंपही भिजायचा. पहिल्याच पावसाळ्यात डबीत पाणी शिरून तीन पंप गेले. तो ते टेबलावर आपटायचा. “साहेब, पुण्याच्या लोकांसाटी बनिवलंय जनू. आमच्याकडं पाऊस खालनं वर पडतुया.”

घट्ट डबी झाली. मग नवी अडचण. घाटातून जाताना वेफर्सचं पाकीट कसं फुगतं ते तुम्ही बघितलं असेल. वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि पाकिटातली हवा पसरायला बघते. माझी डबी तसंच पाकीट होती. त्यात औषधाची मऊ पिशवी. डबीतली हवा पसरली तर ती पिशवी दाबणार, झडपा उघडणार, आणि औषध दट्ट्याला न विचारता अंगात जाणार. म्हणून डबीला श्वास हवा. मी झाकणात मोहरीच्या दाण्याहून बारीक छिद्र पाडलं आणि आतून एक पांढरं पातळ कापड लावलं. ते कापड हवा जाऊ देतं, पाणी जाऊ देत नाही. बादलीत बुडवलं तरी आत थेंब नाही, आणि घाटात नेलं तरी डबी फुगत नाही. ती डबी हातात घेऊन मी स्वतः घाट उतरलो आणि चढलो.

छिद्र कुठं पाडायचं यावर चर्चा झाली होती. कडेला पाडलं तर घाम साचेल, खाली पाडलं तर कपड्यानं दबेल. मी ते झाकणाच्या बरोबर मधोमध पाडलं. दिसायलाही छान दिसत होतं. हे छिद्र कशानं बुजेल याचा आम्ही बसून विचार केला होता. भाताच्या खाचरातला चिखल, घाम, टाल्कम पावडर, चिकटपट्टी. त्या कापडाचं एक वैगुण्य मला माहीत होतं. ते पाण्याला दाद देत नाही, पण तेल पितं. तेल प्यालं की हवेची वाट बंद. आमच्यातला एक जण म्हणाला, “तेल लावायला कमरेत कोण चंपी करतंय?” सगळे हसले. मीही हसलो.

कंपनीत खंडेनवमीची पूजा मोठी असायची. प्रत्येकानं आपापल्या हत्याराची पूजा करायची. लेथवाला लेथची, साच्यावरचे साच्यांची, पॅकिंगच्या बायका वजनकाट्याची. आमच्याकडे मशिनला कुंकू पाण्यात कालवून लावत नसत. पाण्यानं लोखंडाला गंज धरतो. मशिनला घालायच्या तेलाचे दोन थेंब वाटीत टाकून त्यात कुंकू कालवायचं, ही शॉपवरची, म्हणजे कारखान्यातली, जुनी रीत. ते कुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत मशिनवर टिकायचं.

मी कागदावर रेघा मारणारा. माझं हत्यार कुठलं? म्हणून दर वर्षी मी पाटावर एक पंप मांडायचो आणि त्याला हळद-कुंकू लावायचो. तो पंप नंतर कुणाच्या कमरेला जायचा नाही, शोकेसमध्ये जायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास एका खंडेनवमीला बाळू औषधाच्या पिशव्या घ्यायला आला होता. महिन्याची तपासणी झाली, पंप उत्तम चालला होता. पूजेची गडबड बघून तो थांबला. पेढा त्याला चालत नव्हता, म्हणून पॅकिंगच्या बायका त्याला चिडवत होत्या. “दाजी, नुसता वास घ्या पेढ्याचा.” तो म्हणाला, “घेतो की, वास घ्यायला आमचं डॉक्टर न्हाई म्हनत न्हाईत.” मग तो माझ्या पाटापाशी आला, सदरा वर केला, कमरेचा पंप पट्ट्यातून सोडवून नळीसकट पुढं धरला.

“साहेब, माझं हत्यार तर ह्येच हाय. ह्याच्या जिवावर गाडी चालतीया. लावा की ह्यालाबी.”

मी वाटीत अनामिका बुडवली आणि लावलं.

कुंकू कुठं लावतात? कपाळाला लावतात तसं, मधोमध. बोट आपोआप तिथं जातं. मला छिद्र दिसलं नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. ते दिसलं होतं. किती नेमकं मध्यावर आलंय, असं वाटून मला बरंही वाटलं होतं. बोट टेकवताना आतलं कापड, तेल, घाट यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. पूजा करताना माणूस पूजाच करत असतो. बाळूनं पंपाला कपाळ टेकवलं, पट्ट्यात अडकवला, आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कंपनीला सुट्टी. भरे गावातल्या घरी मी सकाळी मोटरसायकल धुवायला काढली. आदल्या दिवशी शॉपवर कुणीतरी तिच्या टाकीलाही कुंकू लावलं होतं. मी साबण लावून घासत होतो, पाणी ओघळून जात होतं, डाग तसाच. ओट्यावरून आमच्या घरमालकीण हिरामावशी बघत होत्या.

“तेलातलं कुंकू त्ये. पान्यानं न्हाई निगायचं. भिनलंय त्ये. रॉकेल दिऊ का?”

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. भिनलंय. मला पाटावरचा पंप दिसला, माझं बोट दिसलं, आणि बोटाखालचं छिद्र.

पहिल्यांदा मनाला समजावलं. छिद्र बुजलं असेल, पण बुजलं ते पिरंगुटला, वर. ताम्हिणीही वरच. डबीत वरचीच हवा कोंडली गेली. खाली गेला तरी नुकसान थोडं, औषध कमी जाईल. परत वर आला की सगळं होतं तसं. धोका एकाच गोष्टीत होता. खाली कोकणात असताना त्यानं डबी उघडली, खालची दाट हवा आत भरली आणि झाकण लावून तो घाट चढला, तर. पण खाली तो डबी कशाला उघडेल?

आणि मग मला आठवलं, कशाला उघडेल ते. खाली गेल्यावर डबीतली हवा पिशवीला मागं ओढणार, दट्ट्याला जोर लागणार, पंप गजर करणार. गजर झाला की काय करायचं, हे मीच प्रत्येकाला हात धरून शिकवलं होतं. झाकण उघडा, पिशवी नीट बसली आहे का बघा, झाकण घट्ट लावा.

घरमालकांच्या फोनवरून मी धाब्याला फोन लावला. संगीतावहिनींनी उचलला. मागं भांड्यांचा आवाज, भजी तळल्याचा आवाज.

“वहिनी, बाळू आहे का?”

“मालक व्हय? गेलं की खाली, झेंडू घिऊन. दसऱ्याला झेंडू न्हाई न्यायचा तर कवा न्यायचा?”

“त्याच्या कमरेचं यंत्र ठीक आहे ना?”

“मगाशीच मानगावातनं फोन आला हुता. यंत्र टूंटूं करतंय म्हनत हुतं. तुमी शिकिवल्यावानी झाकन उगाडलं, परत लावलं, आता गप हाय म्हनं. निगतोच म्हनालं, जेवायला येतो.”

मी भिंतीला हात टेकला.

“साहेब? काय झालं वो? बोला की.”

“वहिनी, नीट ऐका. त्यानं घाट चढायच्या आत ते यंत्र काढलं पाहिजे. चढ लागला की ते सगळं औषध एकदम सोडेल. साखर फार उतरेल.”

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

“किती उतरंल?”

“फार.”

“खरं सांगा. मरत्याल का त्ये?”

त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. बाई घाबरू नये म्हणून लोक म्हणतात तसं. पण तिनं खरं विचारलं होतं, आणि आम्हा दोघांमध्ये काही करू शकणारी तीच होती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“मग ठिवा फोन. तुमच्याशी बोलत बसले तर हितंच बसन मी.”

खाडकन आवाज झाला. मी पुण्याला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पौडच्या दवाखान्यात कळवतो, ग्लुकोजची सुई तयार ठेवायला सांगतो. तुम्ही निघा. शुद्धीत असेल तर साखर खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासात जाईल. गूळ गालात चोळा. मी हिरामावशींकडे गूळ मागितला. त्यांनी काही न विचारता पाटावरचा नैवेद्याचा अख्खा खडा रुमालात बांधून दिला.

मोटरसायकल काढली. पौड गेलं, मग धरणाचं पाणी समोर उघडं पडलं, खड्डे होते, आपट्याच्या फांद्या घेतलेली माणसं रस्त्यानं चालत होती. झेंडूच्या माळा घातलेला एक ट्रॅक्टर वाट देईना. मी हॉर्न वाजवत होतो, आणि त्यावरची माणसं हात हलवून हसत होती. डोक्यात हिशेब चालला होता, आणि तो थांबवता येत नव्हता. डबीत हवा किती, पिशवीत औषध किती, घाटाच्या मध्यावर किती गेलं असेल, माथ्यावर किती. उत्तर दर वेळी तेच यायचं. अर्धी पिशवी. तेवढं औषध तो दोन दिवसांत वापरायचा.

धाब्यावर पोचलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. शेगडीवर तवा होता, तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती आणि धूर सरळ वर चालला होता. भज्यांची कढई नुसतीच तापत होती. मी गॅस बंद केला. दसऱ्याचं म्हणून वहिनींनी सगळ्याला कुंकू लावलं होतं. शेगडीला, सिलिंडरला, कोयत्याला, पाण्याच्या पिंपाला, टेलिफोनला. ज्याला ज्याला मध्य होता त्याच्या मध्यावर लाल ठिपका. कुठल्या ठिपक्याखाली छिद्र असेल, असं मी एकेका वस्तूकडे बघत राहिलो. मग भानावर येऊन गाडी घाटात घातली.

तीन-चार वळणं उतरलो. एका वळणावर दगडांच्या कठड्याला नाक लावून बाळूचा टेम्पो उभा होता. त्याच्या मागं एक ट्रक आडवा लावलेला. रस्त्याच्या कडेला गवतात वहिनी बसल्या होत्या, बाळूचं डोकं मांडीवर. त्यांच्या हाताची साखर लागलेली बोटं त्याच्या गालात होती. आजूबाजूला रिकाम्या टोपल्या आणि उरलेले झेंडू सांडले होते.

खाली जाणारा पहिला ट्रक थांबवून त्या त्यात चढल्या होत्या. ट्रकवाला त्यांना म्हणाला होता, बाई, रस्त्यात कुठं शोधायचं? त्या म्हणाल्या, “तुमी नुसता हारन वाजवा. नवरा माझा हाय, मी वळकीन.” बाळूला घाम फुटला तेव्हा ओळखीचं लक्षण समजून त्यानं स्वतःच गाडी कठड्याला टेकवून उभी केली होती. खिशातली गोळी तोंडात घालायच्या आत त्याची शुद्ध गेली. गोळी हातातच होती.

“जिवंत हायेत,” वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुमचं यंत्र तितं टाकलंय. आल्या आल्या वडून काडलं.”

मी बघितलं. पंप गवतात पडला होता, झाकण वर, लाल ठिपका वर. नळीच्या टोकाला सुई, आणि सुईच्या टोकावरून गवताच्या पात्यावर थेंब पडत होते. एक पडला, दुसरा धरला, तोही पडला. दवाखान्याचा वास तिथं दरवळत होता. ज्या वासाला मी इतकी वर्षं भ्यालो, तो नाकात गेल्यावर मी तिथंच गवतात बसलो. गवतात जात होतं ते बाळूच्या अंगात गेलं नव्हतं. मी आयुष्यात एवढीच एक गळती बघून देवाचे आभार मानले.

ट्रकवाल्यानं आणि मी मिळून बाळूला टेम्पोत आडवं घातलं. टेम्पो ट्रकवाल्यानं चालवला. वहिनी मी आणलेला गूळ त्याच्या गालात चोळत राहिल्या. पौडपर्यंत मी बाळूचं मनगट धरून बसलो होतो. दोनदा त्याला झटके आले. दुसऱ्या वेळी वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, “अवं, जेवायला येतो म्हनालाय तुमी.”

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या पापण्या हलल्या, तोंड वाकडं झालं, आणि त्यानं डोळे उघडले. त्याला मी दिसलो.

“साहेब, तुमी हितं? आज सुट्टी न्हाई का तुमाला?”

वहिनींनी पदर तोंडात धरला आणि त्या भिंतीकडे वळल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सगळे पंप परत मागवले. डॉक्टरांना, कंपनीच्या मालकांना मी जसं घडलं तसं सांगितलं. मला वाटलं होतं, कुणी ओरडेल, काढून टाकेल. मालक म्हणाले, “देवरे, पूजेला दोष कसा देणार?” डॉक्टर म्हणाले, आता कळलं ते बरं झालं. लेथवाला म्हणाला, तेल तर मीच टाकलं होतं वाटीत. प्रत्येकानं आपापल्या परीनं माझ्यावरचं थोडं थोडं ओझं उचलून घेतलं, आणि त्यामुळं ते कुठंच ठेवता येईना. बाळू महिनाभर माणसांची नावं विसरायचा. मी भेटायला गेलो की हसून म्हणायचा, “बसा, बसा,” आणि माझं नाव आठवत राहायचा. त्याच्या कपाळावरची ती आठी मला दिसायची. मग हळूहळू नावं परत आली. वहिनींचं त्याला सगळ्यात आधी आठवलं होतं, असं त्या सांगायच्या. बाळू म्हणायचा, “भ्याव वाटतंय तिचं, म्हनून.”

नवीन डबीला मी दोन छिद्रं पाडली, कडेच्या खाचेत, जिथं बोट पोचत नाही. कापड तेलाला दाद न देणारं शोधलं. त्याला वेळ लागला. आणि झाकणाच्या मधोमध, जिथं छिद्र होतं तिथं, रुपयापेक्षा लहान एक उथळ गोल कोरला. त्याखाली काही नाही, नुसतं भरीव प्लास्टिक. बाहेरगावचे तपासणारे यायचे, ते त्यावर बोट ठेवून विचारायचे, हा गोल कशासाठी? मी सांगायचो, कुंकवासाठी. काही हसायचे, काही वहीत लिहून घ्यायचे. माणसाचं बोट कुठं जाणार हे आधी बघायचं आणि मग यंत्र काढायचं, एवढं मी त्या धंद्यात शिकलो. फार उशिरा शिकलो.

नवा पंप बाळूला द्यायची माझी तयारी नव्हती. त्यानंच मागितला. धाब्यावर नवरा-बायकोचं वाजलं. वहिनी म्हणाल्या, “पुन्ना त्ये भूत घरात न्हाई.” तो म्हणाला, “तू रोज चारदा टोचून बघ, मंग बोल.” वहिनींनी माझ्याकडे बघितलं. “साहेब, तुमी सांगा. द्याल का? तुमच्या घरच्या मानसाला दिला आसता का?” मी म्हणालो, दिला असता, पण रात्री झोपलो नसतो. “मंग द्या,” वहिनी म्हणाल्या. “कुनी तरी जागं आसंल तर चालंल.”

पुढच्या खंडेनवमीला दोघं कंपनीत आले. बाळूनं पंप पुढं धरला. तेल-कुंकवाची वाटी माझ्यासमोर होती, आणि माझा हात उठेना. सगळं तपासलं होतं, गोल भरीव होता, तरी उठेना. मग वहिनी पुढं आल्या, वाटीत बोट बुडवलं आणि गोलाच्या बरोबर मध्ये टेकवलं.

दोन हजार दहाला पंपाचं काम बंद झालं. परदेशातले पंप आले, आमचे मागं पडले. मी दुसरीकडे नोकरी धरली, पिरंगुट सुटलं. बाळू आता दुसऱ्या कुठल्या कंपनीचा पंप लावतो, चांगला आहे, माझा नाही. तरी दर दसऱ्याला दुपारी मी धाब्यावर फोन करतो. शुभेच्छा द्यायला करतो असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं. वहिनी फोन उचलतात आणि मी काही बोलायच्या आत सांगतात,

“वर आल्यात. जेवाय बसल्यात. ठिवा आता, तव्यावर पोळी हाय.”